अंगावरून पांढरे जाणे : घाण नव्हे, अंगाची राखण



गेल्या वर्षावासातली गोष्ट. पोलादपूर तालुक्यात उमरठच्या बाजूला एका बौद्धवाडीत गेले होते. पाऊस इतका की समोरचा डोंगर दिसत नव्हता. विहारात ग्रंथवाचन झाले, खीर वाटून झाली, पुरुष मंडळी उठून गेली. एक ताई मात्र चपला शोधण्याच्या निमित्ताने घुटमळत राहिली. मग हळूच म्हणाली, "ताई, तुम्ही नर्स होता ना? मला पिशवी काढायला सांगितलीय."

वय चौतीस. दोन मुले. नवरा मुंबईला कंपनीत, तीन-चार महिन्यांनी घरी येतो. दोन वर्षांपासून अंगावरून पांढरे-पिवळे जाते, खाज येते, कंबर दुखते. एका खासगी दवाखान्यात सोनोग्राफी केली. पिशवीला सूज आहे, ठेवली तर कॅन्सर होईल, काढून टाका, असे सांगितले. पैशासाठी बचत गटाचे कर्ज घ्यायचे आणि कानातले गहाण टाकायचे, इथपर्यंत घरात ठरले होते.

मी एकच विचारले, "आतून तपासले का?"

"नाही. पोटावर यंत्र फिरवलं, तेवढंच."

दोन वर्षे त्रास आणि आतून एकदाही तपासणी नाही. मी बाकीच्या बायकांकडे पाहिले. नऊ-दहा जणी होत्या. कोणी पदराशी चाळा करत होती, कोणी खाली बघत होती. मग एक म्हातारी आजी म्हणाली, "बाय, आमच्यात कुणाला जात नाय ते इचार." सगळ्या हसल्या आणि बोलायला लागल्या. त्या दिवशी जमिनीवर खडूने आकृती काढून जे सांगितले, तेच आज इथे लिहीत आहे. महिला मंडळात मोठ्याने वाचून दाखवावे, लाजू नये.

वाट एक, राखण चार ठिकाणी

बाईच्या शरीराची रचना आधी समजून घेऊ. बाहेरून आत जाणारा तो योनीमार्ग. त्याच्या टोकाला गर्भाशयाचे तोंड. त्याच्या आत गर्भाशय, म्हणजे आपण जिला पिशवी म्हणतो ती. पिशवीच्या दोन बाजूंना दोन नळ्या, आणि नळ्यांच्या टोकाशी अंडाशये. नळ्यांची टोके पोटाच्या पोकळीत उघडी असतात. म्हणजे बाहेरून थेट पोटाच्या पोकळीपर्यंत ही वाट जाते. पुरुषाच्या शरीरात अशी वाट नाही. ही वाट बंद करूनही चालत नाही, कारण पाळी इथूनच बाहेर येते, मूलही इथूनच जन्माला येते. वाट उघडी ठेवायची आणि जंतू आत जाऊ द्यायचे नाहीत, असे दुहेरी काम शरीराला करावे लागते. म्हणून इथे राखण बसलेली असते.

आपल्याकडे गावाच्या राखणदाराला कोंबडा देतात. मी सांगते ती राखण कोंबडा मागत नाही. ती दिवसरात्र काम करते आणि तिचे काम डोळ्यांना दिसते. ते म्हणजे अंगावरून जाणारे पाणी.

पहिली राखण आहे बांध. योनीमार्गाचे अस्तर एकावर एक रचलेल्या पेशींच्या अनेक थरांचे असते. वरचे थर सतत गळत राहतात आणि त्यांना चिकटलेले जंतूही त्यांच्याबरोबर बाहेर पडतात. वयात आल्यावर अंडाशयातून इस्ट्रोजेन हे संप्रेरक तयार होते. त्यामुळे या पेशींत ग्लायकोजेन नावाचा साखरेचा साठा होतो. त्यावर जगतात लॅक्टोबॅसिलस नावाचे चांगले जंतू. दही लावणाऱ्या जंतूंच्याच कुळातले. ते त्या साखरेचे लॅक्टिक आम्ल करतात. त्यामुळे निरोगी योनीमार्गाचा सामू ३.८ ते ४.५ असतो, साधारण दह्याएवढा आंबट. त्या आंबटपणात बहुतेक वाईट जंतू वाढू शकत नाहीत. आल्बर्ट डोडरलाइन या जर्मन डॉक्टरांनी १८९२ मध्ये या जंतूंचे वर्णन केले. सव्वाशेहून अधिक वर्षे झाली तरी आपल्या बायकांना कोणी सांगितलेले नाही की अंगात चांगले जंतूही असतात.

दुसरी राखण आहे दार. गर्भाशयाच्या तोंडाशी चिकट, घट्ट शेंबडासारखा स्राव असतो. तो बुचासारखा बसतो. त्यात जंतूंना मारणारी द्रव्ये असतात. एकाचे नाव लायसोझाइम, ते आपल्या अश्रूंत आणि थुंकीतही असते. दुसरे लॅक्टोफेरिन. जंतूंना वाढायला लोह लागते, हे द्रव्य ते लोह आधीच धरून ठेवते. जंतू उपाशी राहतो.

तिसरी राखण म्हणजे हाक आणि धाव. एवढे करूनही जंतू आत शिरला, तर अस्तराच्या पेशी स्वतःच त्याला ओळखतात. जंतूंच्या अंगावर काही ठरावीक खुणा असतात आणि त्या ओळखणारे ग्राहक आपल्या पेशींवर असतात. ओळख पटली की पेशी रासायनिक निरोप सोडतात. शेतात डुक्कर शिरले की एकाने हाकारा द्यावा आणि वाडी धावावी, तसे रक्तातल्या पांढऱ्या पेशी त्या जागी धावतात. जंतूंना गिळतात आणि स्वतःही मरतात. पू म्हणजे या मेलेल्या पेशीच. लाली, सूज, ठणका, गरमपणा हा सगळा त्या झटापटीचा परिणाम असतो.

चौथी राखण आहे आठवण. काही पांढऱ्या पेशी त्या जागीच मुक्काम करतात आणि एकदा आलेला जंतू लक्षात ठेवतात. जंतूला चिकटून त्याला निकामी करणारी प्रतिपिंडेही तयार होतात. नाकात आणि आतड्यात आयजीए जातीची प्रतिपिंडे जास्त असतात. योनीमार्गात मात्र आयजीजी जातीची जास्त असतात आणि त्यातली पुष्कळशी रक्तातून झिरपून येतात. हे लक्षात ठेवा, लशीच्या वेळी उपयोगी पडेल.

पण या आठवणीवर फार विसंबू नका. परमा म्हणजे गोनोरिया एकदा होऊन बरा झाला, तरी पुन्हा होऊ शकतो. "मागे औषध घेतलं होतं, आता होणार नाही," असे नसते.

पांढरे जाते म्हणून हाडे झिजत नाहीत

वाडीवाडीत ऐकते, "हाडं वितळून पांढरं जातं, म्हणून अशक्तपणा येतो." असे नाही. हाडांचा आणि या पाण्याचा काही संबंध नाही. ते पाणी म्हणजे गळलेल्या पेशी, दाराचा चिकट स्राव आणि चांगले जंतू. अशक्तपणा बहुधा रक्त कमी असल्याने येतो. त्यासाठी हिमोग्लोबिन तपासा, लोहाच्या गोळ्या घ्या. ताकदीच्या बाटल्यांवर पैसे घालवू नका.

हे पाणी रोज सारखे नसते. पाळीच्या मध्यावर, अंडे सुटायच्या सुमारास ते पातळ, पारदर्शक आणि तार धरणारे होते, कोंबडीच्या अंड्यातल्या पांढऱ्यासारखे. त्या दिवसांत दार थोडे उघडते, कारण बीज आत जायला हवे. अंडे सुटल्यावर स्राव पुन्हा घट्ट होतो. पण आतली राखण काही दिवस हात आखडता घेते. कारण गर्भ राहिला तर तो निम्मा बापाचा असतो, म्हणजे आईच्या शरीराला परका. त्याला जंतू समजून मारले तर मूलच राहणार नाही. शत्रू कोण आणि पाहुणा कोण, हे शरीराला दर महिन्याला नव्याने ठरवावे लागते. एवढे बारीक काम करणाऱ्या अवयवाला आपण घाण म्हणतो.

तर पारदर्शक किंवा दुधासारखे, वास नसलेले, खाज-जळजळ नसलेले पाणी नैसर्गिक आहे. मध्यावर वाढणे, गरोदरपणात वाढणे, कपड्यावर वाळल्यावर पिवळसर दिसणे, हेही नैसर्गिक. त्यावर औषध नाही आणि लागतही नाही.

राखण कशी मोडते

आजार वेगवेगळे असतात आणि औषधही वेगळे असते. मोटामोटी अशी ओळख ठेवा.

माशासारखा वास, पातळ करडट पाणी, खाज फारशी नाही : इथे बांध फुटलेला असतो. चांगले जंतू कमी होतात, दुसरे जंतू वाढतात आणि आंबटपणा जातो. झटापट फारशी होत नाही, म्हणून दुखत नाही, आणि बाई दुर्लक्ष करते. पण बांध फुटला की एचआयव्हीसारखे आजार सहज शिरतात आणि गरोदर बाईला दिवस भरण्याआधी कळा येण्याचा धोका वाढतो.

दह्याच्या कवडीसारखे पांढरे, खूप खाज, जळजळ : ही बुरशी. गरोदरपणात, मधुमेहात किंवा दुसऱ्या कशासाठी अँटिबायोटिक घेतल्यावर होते. अँटिबायोटिकने चांगले जंतूही मरतात आणि बुरशीला रान मोकळे मिळते. बुरशी पुन्हा पुन्हा होत असेल तर रक्तातली साखर तपासा.

पिवळे-हिरवट, फेसाळ, वास आणि खाज : हा ट्रायकोमोनास नावाचा सूक्ष्म जीव. हा संबंधातून पसरतो. पुरुषाला बहुतेक वेळा काहीच जाणवत नाही. म्हणून नवरा म्हणतो, "मला काय झालंय? तूच घे गोळ्या." मग बाई बरी होते, नवरा घरी येतो आणि ते पुन्हा सुरू. दोघांनी एकाच वेळी औषध घ्यावे लागते. हा जीव अंगात कित्येक महिने गुपचूप राहू शकतो. कोणाकडून कोणाला आला हे तपासणीत कळत नाही, तेव्हा घरात भांडण लावू नका, औषध घ्या.

काहीच लक्षण नसलेले : सगळ्यात कपटी हेच. क्लॅमिडिया आणि परमा हे जंतू गर्भाशयाच्या तोंडाशी बसतात आणि पुष्कळदा बाईला काहीही कळत नाही. क्लॅमिडिया तर पेशीच्या आत लपतो. तिथून हळूहळू नळ्यांपर्यंत चढतो. राखण लढतच राहते आणि त्या लांबलेल्या लढाईनेच नळ्यांना वण पडतात. जखम भरताना कातडी आखडते तशा नाजूक नळ्या आखडतात, बुजतात. मग मूल राहत नाही, किंवा गर्भ नळीतच रुजतो आणि नळी फुटून जीवावर बेतते. आपल्या देशात क्षयरोगही नळ्यांत असाच गुपचूप बसतो. मूल होत नाही म्हणून ज्या सुनेला बोल लावतात, तिच्या नळ्या वेळेवर उपचार न मिळालेल्या जंतूने बुजलेल्या असू शकतात. आणि तपासणी नवऱ्याचीही झाली पाहिजे.

राखणीला चकवणारा विषाणू

गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर एचपीव्ही या विषाणूमुळे होतो. हा विषाणू पेशींना मारत नाही, सूज आणत नाही. म्हणून हाकारा होत नाही आणि पांढऱ्या पेशी धावत नाहीत. तरीही बहुतेक बायकांचे शरीर एक-दोन वर्षांत त्याला ओळखून काढून टाकते. काही जणींत तो ठाण मांडतो. त्यातूनच पुढे दहा-वीस वर्षांनी कॅन्सर होऊ शकतो. म्हणजे आपल्या हातात वेळ भरपूर असतो. तपासणी मात्र केली पाहिजे.

ही तपासणी स्वस्त आहे. गर्भाशयाच्या तोंडाला सौम्य व्हिनेगर लावून पाहतात, बिघडलेला भाग पांढरा दिसतो. टाटा मेमोरियल हॉस्पिटलने १९९८ पासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांत ३५ ते ६४ वयाच्या सुमारे दीड लाख बायकांना घेऊन अभ्यास केला. निम्म्या वस्त्यांत दर दोन वर्षांनी ही तपासणी केली. तपासणाऱ्या डॉक्टर नव्हत्या. किमान दहावी शिकलेल्या, प्रशिक्षण दिलेल्या बायका होत्या. त्या वस्त्यांत या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. आपल्यासारख्याच वस्त्या, आपल्यासारख्याच मुली. तिशीनंतर सरकारी केंद्रात ही तपासणी मागून घ्या.

आता ती आयजीजीची गोष्ट. एचपीव्हीची लस दंडावर देतात, मग ती खाली कशी काम करते, असे मुली विचारतात. लशीने रक्तात आयजीजी प्रतिपिंडे तयार होतात आणि ती झिरपून गर्भाशयाच्या तोंडाशी पोचतात. विषाणू शिरायच्या आधी राखण तयार हवी, म्हणून ९ ते १४ वर्षे हे वय उत्तम. जानेवारी २०२३ मध्ये पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची देशी लस आली. आपल्या मुलींसाठी आरोग्य केंद्रात तिची चौकशी करा.

गडचिरोली आणि बीड

आपल्या राज्यातल्या दोन गोष्टी प्रत्येक बाईला माहीत असाव्यात.

पहिली गडचिरोलीची. डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वसा आणि अमिर्झा या दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची आतून तपासणी केली. त्याचा अहवाल जानेवारी १९८९ मध्ये 'लॅन्सेट' या नामांकित वैद्यकीय नियतकालिकात आला. शंभरातल्या ९२ जणींना स्त्रीरोग होता, प्रत्येकीला सरासरी ३.६ आजार. त्यातले निम्मे दुखणे जंतुसंसर्गाचे. तक्रार मात्र शंभरातल्या ५५ जणींनीच सांगितली होती. म्हणजे अनेकींना आजार होता आणि त्यांना तो जाणवतही नव्हता, किंवा बाईच्या जातीला असायचेच म्हणून त्या गप्प होत्या. आणि आधी कधी अशी तपासणी झालेल्या होत्या शंभरात फक्त ८. त्या काळी बाईचे आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि ऑपरेशन, एवढेच समजत. या दोन गावांतल्या बायकांमुळे जगाला कळले की बाई आई नसतानाही आजारी असते.

दुसरी बीडची. २०१९ मध्ये ऊसतोड कामगार बायकांच्या पिशव्या काढल्याचे प्रकरण गाजले. सरकारने समिती नेमली. ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी झाली, त्यातल्या १३,८६१ जणींच्या पिशव्या काढलेल्या निघाल्या. सहा जणींत एक. अनेक जणी चाळिशीच्या आतल्या. पांढरे जाते, पोट दुखते, पाळीने खाडे होतात, अशा कारणांसाठीही ही ऑपरेशने झाली होती.

आता वरची आकृती आठवा. पांढरे जाणे बहुतेक वेळा योनीमार्गाच्या जंतूंमुळे असते. पिशवी काढली तरी योनीमार्ग तिथेच राहतो आणि जंतूही तिथेच राहतात. शेतात डुक्कर शिरते म्हणून कोणी घर पाडत नाही. पिशवीबरोबर अंडाशयेही काढली तर इस्ट्रोजेन एका दिवसात बंद होते. मग चांगले जंतू उपाशी मरतात, आंबटपणा जातो, कोरडेपणा आणि जळजळ येते, हाडे लवकर ठिसूळ होतात. ज्या हाडांची काळजी होती ती खरोखर झिजतात, पण ऑपरेशनमुळे. पिशवी काढणे काही आजारांत गरजेचे असते, नाही असे नाही. पण आतून तपासणी नाही, औषधाचा पूर्ण कोर्स नाही, दुसऱ्या डॉक्टरचे मत नाही, आणि थेट ऑपरेशन, हे मान्य करू नका.

चवदार तळ्याचे 'शुद्धीकरण' आणि आपली मोरी

उमरठहून महाड काही लांब नाही. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब तिथे चवदार तळ्याचे पाणी प्यायले. आपल्या लोकांच्या स्पर्शाने तळे बाटले म्हणून सनातन्यांनी त्यात शेण आणि गोमूत्र ओतून ते 'शुद्ध' केले. चांगल्या पाण्यात घाण टाकायची आणि तिला शुद्धी म्हणायचे.

आपण बायका स्वतःच्या शरीराबाबत नेमके हेच करतो. पांढरे जाते म्हणजे घाण आहे, असे मानून साबण, डेटॉल, तुरटीचे पाणी, कडुनिंबाचा काढा आतपर्यंत घालून धुतो. साबण आंबटपणाच्या उलट गुणाचा. त्याने बांध फुटतो, चांगले जंतू मरतात आणि वाईट जंतूंना वाट मोकळी होते. वास वाढतो, म्हणून आणखी धुतो. योनीमार्ग आतून धुवायचा नसतो, तो स्वतःला धुतो. बाहेरचा भाग साध्या पाण्याने धुवा, पुढून मागे. दहीही आत लावू नका. चांगले जंतू दह्याच्या कुळातले असले तरी वाटीतले दही तिथे काम करत नाही.

त्याच वर्षी २५ डिसेंबरला त्याच महाडात मनुस्मृती जाळली. पाळीच्या बाईला अपवित्र ठरवणारे नियम त्याच पोथीत आहेत. पोथी जाळून शंभर वर्षे होत आली, तरी आपल्यातल्याही काही घरांत पाळीचे कापड आजही पलंगाखाली, कपाटामागे, ओल्या अंधारात वाळते. पुरुषाच्या नजरेस पडू नये म्हणून. आपल्याकडे चार महिने पाऊस, लावणीला दिवसभर चिखलात उभे राहणे आणि तेच दमट कापड पुन्हा अंगाला. त्याने कातडी सोलते, खाज सुटते, बुरशीला आयते घर मिळते. कापड वापरण्यात कमीपणा नाही. पण ते साबणाने धुऊन, खळखळून पाण्यातून काढून उन्हात वाळवा. ऊन नसेल तर चुलीच्या उबेला किंवा इस्त्रीने पूर्ण कोरडे करा. दर चार-सहा तासांनी बदला. दोरीवर नवऱ्याची बनियन वाळते, तिथेच हे कापडही वाळेल. त्यात विटाळ नाही.

काय करायचे

वास, खाज, रंग बदललेले पाणी असेल तर आशाताईंना सांगा, प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा पोलादपूर-महाडच्या सरकारी रुग्णालयात जा आणि "आतून तपासा" असे स्वतः म्हणा. बाई डॉक्टर किंवा सोबत नर्स हवी, असे मागण्याचा तुम्हाला हक्क आहे.

या आजारांची औषधे सरकारी केंद्रात मोफत असतात, आजारानुसार हिरव्या, करड्या, पिवळ्या रंगाच्या पाकिटांत. शेजारणीचे पाकीट तुम्हाला चालेलच असे नाही. कोर्स पूर्ण करा. नवऱ्यालाही औषध सांगितले असेल तर दोघांनी घ्या. तोपर्यंत संबंध टाळा किंवा निरोध वापरा.

पुढील गोष्टी दिसल्या तर थांबू नका, त्याच दिवशी दाखवा : तापासह ओटीपोटात दुखणे; पाळी चुकलेली आणि एका बाजूला जोराची कळ किंवा चक्कर; बाळंतपणानंतर किंवा गर्भपातानंतर घाण वासाचा स्राव; गरोदरपणात पाणी किंवा रक्त जाणे. संबंधानंतर रक्त जात असेल किंवा पाळी बंद झाल्यावर पुन्हा रक्त दिसले, तर त्याच आठवड्यात तपासून घ्या. लहान मुलीच्या अंगावरून काही जात असेल तर तिला रागावू नका. तिचे ऐकून घ्या आणि लगेच डॉक्टरांकडे न्या. वयात येण्याआधी तिच्याकडे तो आंबटपणाचा बांध नसतो, आणि कोणी तिला त्रास दिला आहे का, हेही आईनेच जपून विचारायचे असते.

त्या ताईचे काय झाले

तिला आशाताईंबरोबर सरकारी रुग्णालयात पाठवले. बाई डॉक्टरांनी आतून तपासले. ट्रायकोमोनासचा संशय, गर्भाशयाचे तोंड लाल. व्हिनेगरची तपासणी झाली, त्यात काही निघाले नाही. दोघांसाठी गोळ्या दिल्या. नवरा फोनवर म्हणाला, मला काही त्रास नाही. गणपतीत कंपनीला सुट्टी होती तेव्हा घरी आला, तेव्हा त्याला आम्ही दोघी-तिघींनी बसवून ही सगळी आकृती पुन्हा काढून दाखवली. बराच वेळ गप्प बसला, मग गोळ्या घेतल्या.

पुढच्या पाळीनंतर तिची खाज आणि वास गेला. कंबर अजून दुखते. तिचे हिमोग्लोबिन नऊ आहे आणि ती रोज डोक्यावरून लाकडे आणते, त्यावर वेगळे काम चालू आहे. पण पिशवी जागेवर आहे, बचत गटाचे कर्ज घ्यावे लागले नाही आणि कानातले कानात आहेत.

तिच्या थोरल्या जावेची पिशवी मात्र चार वर्षांपूर्वीच काढलेली. तिने मला विचारले, "माझीपण वाचली असती का गं?" मला उत्तर देता आले नाही. तिचे कागद कोणी तिला दिलेच नव्हते. म्हणून शेवटचे सांगणे : प्रत्येक तपासणीचा, प्रत्येक ऑपरेशनचा कागद मागून घ्या आणि पत्र्याच्या पेटीत जातीच्या दाखल्याबरोबर जपून ठेवा. आपल्या शरीराचा हिशोब आपल्याकडे असला पाहिजे.

जयभीम. नमो बुद्धाय.